पाव किलो की अर्धा किलो? खिशातला कॅमेरा आणि मिररलेस यांतून निवड करताना

दुकानात काउंटरवर दोन कॅमेरे शेजारी ठेवले की गिऱ्हाईक हमखास मोठ्याकडे झुकतं. एवढे पैसे मोजायचे तर हातात काहीतरी भरल्यासारखं वाटावं, हा आपला जुना हिशेब. मीही त्यातलाच. पहिला मिररलेस घेतला आणि त्याच्यासोबत आलेली लेन्स चार वर्षं एकदाही काढली नाही. मग कधीतरी लक्षात आलं की आपण इतके दिवस एक फुगलेला खिशातला कॅमेराच गळ्यात अडकवून फिरत होतो. तेव्हापासून कोणी सल्ला मागितला तर मी आधी एवढंच विचारतो: दुसरी लेन्स घेणार का? उत्तर ‘बघू पुढे’ असं आलं, तर मिररलेसचा विचार सोडा म्हणून सांगतो. असं का सांगतो आणि तुमच्या बाबतीत ते खरं आहे का, हे घरबसल्या तपासता येतं.

त्याआधी नावाचा घोळ मिटवू. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर डोळ्याकडे जायचा आणि क्लिक करताना आरसा खटकन उचलला जायचा. २००८ साली पॅनासोनिकचा ल्युमिक्स जी१ आला. त्यात आरसा काढून टाकला होता, लेन्स बदलायची सोय मात्र ठेवली होती. त्यावरून ‘मिररलेस’ हे नाव रुजलं. गंमत अशी की खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यात आरसा कधी नव्हताच. म्हणजे भेद आरशाचा नाही. लेन्स निघते की निघत नाही, एवढाच.

१. आधी स्वतःचे शंभर फोटो मोजा

फोन उघडा आणि गेल्या वर्षभरातले मनापासून आवडलेले, किंवा चांगले यायला हवे होते पण फसले, असे शंभर फोटो निवडा. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात दिवसाउजेडी काढलेले: सहली, जेवणाची ताटं, किल्ल्यावरचे ग्रुप फोटो. दुसऱ्यात कमी उजेडातली हलती माणसं: घरातली आरती, केक कापणारं पोर, हळदीचा नाच. तिसऱ्यात लांबचं: झाडावरचा पक्षी, गॅदरिंगमध्ये स्टेजच्या कोपऱ्यात उभी असलेली आपली मुलगी.

पहिला रकाना ऐंशीच्या पुढे गेला असेल तर घाई करू नका. तुमचं काम फोनवर भागतंय. दुसरा आणि तिसरा भरले असतील तर पुढे वाचा, आणि कुठला जास्त भरला ते लक्षात ठेवा.

स्वस्तातले, नखाएवढ्या सेन्सरचे (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारा आतला तुकडा) छोटे कॅमेरे मी इथेच बाद करतो. त्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. आजच्या बऱ्याच फोनचा मुख्य सेन्सर त्याहून मोठा आहे. जुन्या ‘डिजिकॅम’ची कॉलेजच्या मुलांत सध्या हौस आहे, ती रंगरूपासाठी. हौसेला मोल नसतं, पण दर्जा वाढेल म्हणून ते घेऊ नका. या लेखात खिशातला कॅमेरा म्हणजे किमान ‘एक इंची’ सेन्सरचा, सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७ एक्स या जातीचा. हा एक इंच टेपवर मोजायला जाऊ नका. सेन्सर असतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. इंचाचं नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या नळीच्या मापावरून चिकटलंय.

२. साखरेची पुडी घेऊन एक रविवार फिरा

हे वाचून बायको हसली होती, पण करून बघा. सोनी आरएक्स१००च्या सातव्या आवृत्तीचं वजन ३०२ ग्रॅम, कॅनन जी७ एक्स मार्क ३चं ३०४, रिको जीआर ३चं तर २५७. म्हणजे पाव किलो आणि वर चिमूटभर. सोनी ए६४०० ही मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ४०३ ग्रॅमची, तिची १६-५० मिलिमीटरची किट लेन्स, म्हणजे सोबत येणारी लेन्स, ११६ ग्रॅमची. मिळून अर्धा किलो.

एका रविवारी पाव किलो साखरेची पुडी पँटच्या खिशात घालून बाहेर पडा. पुढच्या रविवारी अर्ध्या किलोची पुडी छोट्या झोळीत घालून खांद्याला लावा. दिवसभर तीच ठेवायची: भाजी आणताना, मित्राकडे जाताना, लोकलमध्ये चढताना. दुसऱ्या रविवारी दुपारनंतर पुडी घरीच ठेवावीशी वाटली, तर कॅमेराही तिसऱ्या महिन्यापासून कपाटात राहणार.

वजनाइतकाच आकारही बोलतो. आरएक्स१०० साधारण १०२ बाय ५८ बाय ४३ मिलिमीटरचा, अंगाच्या साबणाच्या जाड वडीसारखा. फुजीफिल्म एक्स१००व्हीआयची लेन्स निघत नाही म्हणून लोक त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात. पण तो ५२१ ग्रॅमचा आहे आणि कोटाच्या खिशातही अवघडतो. कॅमेरा सुरेख, फक्त हिशेबात त्याला अर्ध्या किलोकडे धरा.

आकाराचा आणखी एक परिणाम माणसांवर होतो. पुण्यात पालखी येते तेव्हा मी दोन्ही कॅमेरे घेऊन फिरून पाहिलंय. मोठी लेन्स वर केली की ‘कुठल्या पेपरचे हो?’ म्हणत लोक टोपी सारखी करून उभे राहतात. लहान कॅमेऱ्याकडे कोणी बघतही नाही, आणि म्हाताऱ्या माउलीच्या चेहऱ्यावर जे असतं ते तसंच राहतं.

३. भोकाचा हिशेब मांडा

दुकानदार सांगतो, ‘मिररलेसचा सेन्सर तिप्पट मोठा आहे, साहेब.’ खरंच आहे. ए६४००सारख्या मिररलेसमधला एपीएस-सी मापाचा सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा, एक इंची ११६चा. पण सेन्सर म्हणजे बादली. ती भरते नळाने, आणि नळ म्हणजे लेन्स.

लेन्सच्या भोकाचा व्यास काढणं शाळकरी गणित आहे. लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरना, म्हणजे फोकल लेंथला, शेजारच्या एफच्या आकड्याने भागायचं. आरएक्स१००च्या तिसऱ्या आवृत्तीची लेन्स घेऊ. रुंद टोकाला ८.८ मिलिमीटर, एफ १.८. भागाकार ४.९ मिलिमीटर. आता ए६४००ची किट लेन्स, तेवढंच दृश्य टिपताना १६ मिलिमीटर, एफ ३.५. भागाकार ४.६. झूमच्या दुसऱ्या टोकाला आरएक्स१०० देतो २५.७ भागिले २.८, म्हणजे ९.२. किट लेन्स देते ५० भागिले ५.६, म्हणजे ८.९.

आकडे पुन्हा वाचा. बादली तिप्पट मोठी, पण नळ दोन्हीकडे सारखाच. तेवढंच दृश्य, तेवढाच शटर वेग, तर आत येणारा एकूण प्रकाशही जवळपास तेवढाच. आरतीच्या वेळी समईच्या उजेडात या दोघांच्या फोटोंतले दाणे जवळजवळ सारखे दिसतात, आणि मागचं धूसर होणंही तेवढंच. भर उन्हात मात्र मोठी बादली उपयोगी पडते. पांढरे ढग आणि काळा कातळ दोन्ही एका फोटोत सांभाळायला तिच्यात जास्त जागा असते.

आता किट लेन्स काढून त्याच बॉडीवर ५० मिलिमीटर, एफ १.८ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स लावा. भोक एकदम जवळपास २८ मिलिमीटरचं. एफ ५.६च्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश. जो फोटो १/२० सेकंदाला हललेला येत होता, तो १/२००ला स्वच्छ येतो. टाळ वाजवणारा नातू थिजलेला, मागची झुंबरं विरघळलेली. मिररलेसचे पैसे वसूल होतात ते या क्षणी, त्याआधी नाही. माझी चार वर्षं वाया गेली ती इथेच.

४. आता रकान्यांकडे परत या

*दुसरा रकाना भरलाय,* म्हणजे घरातली हलती माणसं: मिररलेस घ्या, पण लेन्ससकट बजेट आखा. एकूण पैशांतला किमान तिसरा हिस्सा एका चांगल्या प्राइमसाठी आधीच बाजूला काढा, त्यासाठी बॉडी जुनी किंवा सेकंड हँड घ्यावी लागली तरी चालेल. बॉडी पाचसहा वर्षांत बदलते, चांगली लेन्स दोन बॉड्या पाहते. कंपनी निवडताना तिच्या माउंटसाठी (बॉडीवर लेन्स बसते ती कडी) इतर कंपन्यांच्या लेन्स किती मिळतात ते बघा. सोनीच्या ई माउंटला सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्स भरपूर आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांना ही सोय २०२४पासून मिळू लागली.

*तिसरा रकाना भरलाय:* मग तर खिशातला कॅमेरा विसरा. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला गेलात तर आरएक्स१०० मार्क ७चा २०० मिलिमीटरचा (हे आकडे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात) झूमही अपुरा पडतो. पक्षी गुलाबी ठिपका होऊन येतो. कॅननच्या आर५०वर आरएफ १००-४०० लावली तर ती ६४० मिलिमीटरसारखी पोहोचते. पण बॉडी ३७५ ग्रॅम आणि लेन्स ६३५, म्हणजे पुडी एक किलोची झाली. शिवाय या लेन्सचं भोक लांबच्या टोकाला एफ ८ असल्याने तिला सकाळचा चांगला उजेड लागतो.

*रकाने सरमिसळ आहेत,* प्रवास खूप होतो आणि फोनपेक्षा बरं काही हवंय: खिशातला. यात सूट एकच. झूमशिवाय चालत असेल, चार पावलं पुढेमागे व्हायची तयारी असेल, तर रिको जीआर ३ बघा. पाव किलोत एपीएस-सी सेन्सर आणि (त्याच फिल्मच्या मापात) २८ मिलिमीटरची एकच दृष्टी. त्यात फ्लॅश नाही, डोळ्याला लावायची खिडकी नाही आणि बॅटरी सुमारे दोनशे फोटोंत संपते. काहींना असला हट्टी कॅमेरा आवडतो. मला आवडतो.

व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर माइक लावायची खाच आणि उलटा फिरणारा पडदा आहे ना, तेवढं पाहा. बाकी वरचाच हिशेब.

५. दुकानात स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा

मेनू, मेगापिक्सेल यांत शिरू नका. आपलं कार्ड घालून दोन्ही कॅमेऱ्यांनी दुकानातच वीसवीस फोटो काढा: फिरत असलेला नोकर, काचेच्या कपाटातला अंधारा कोपरा. घरी मोठ्या पडद्यावर शेजारीशेजारी बघा. चश्मा असेल तर तो घालूनच कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघा. आणि कॅमेरा घेऊन दाराबाहेर उन्हात उभे राहा. एप्रिलच्या दुपारी मागचा पडदा काळा ठिक्कर दिसतो, तेव्हा डोळ्याला लावायच्या खिडकीची किंमत कळते. जी७ एक्स मार्क ३मध्ये ती नाही, आरएक्स१०० मार्क ७मध्ये वर उचलून येते, ए६४०० आणि आर५०मध्ये आहे.

बॅटरी विचारा. खिशातले बहुतेक अडीचशे फोटोंच्या आसपास दम टाकतात, ए६४०० चारशेपर्यंत जातो. जादा बॅटरी पहिल्या दिवशीच घ्या. विमानात ती हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात नाही.

‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून निघा. बिलाशिवाय भारतातली वॉरंटी लागत नाही.

६. पाऊस, वाळू, बुरशी

आपल्याकडे हा मुद्दा दुय्यम नाही. माझा पहिला खिशातला कॅमेरा कोकणात समुद्रकाठी गेला. वाळूचा एक कण लेन्सच्या नळीत शिरला, कुरकुर आवाज झाला आणि लेन्स अर्धी बाहेर अडकली. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो तसाच परत आणला. लेन्स आणि बॉडी एकसंध असण्याची ही किंमत आहे. सेन्सरवर धूळ बसली तरी घरी हात घालता येत नाही. मिररलेसची लेन्स बिघडली तर फक्त लेन्स जाते आणि सेन्सरवरची धूळ ब्लोअरने उडवता येते. उलट, वाऱ्यात लेन्स बदलली तर धूळ तुम्हीच आत बोलावता. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर लेन्स बदलायची नाही. खाली पद्मावती माचीवर, देवळाच्या आडोशाला बदलायची.

जून ते सप्टेंबर कुठलाही कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवू नका. काचेवर बुरशीची जाळी धरते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला की पुरे. लेन्स जितक्या जास्त तितका डबा मोठा. मिररलेसवाल्यांनी हा खर्चही धरावा.

७. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात

कॅमेरा कुठलाही असो, वर्तमानपत्राचं पूर्ण उघडलेलं पान भिंतीला चारी कोपऱ्यांत चिकटवा. कॅमेरा स्टूलवर सरळ ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावून, अ‍ॅपर्चर (म्हणजे लेन्सचं भोक) पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. झूमच्या दोन्ही टोकांना एकेक. मग चारी कोपऱ्यांतली बारीक अक्षरं मोठी करून वाचा. चारीही कोपरे थोडे सारखेच मऊ असतील तर ठीक. पण एकच कोपरा पुसट आणि बाकी तीन लख्ख असतील, तर कॅमेरा सरळ होता ना हे बघून पुन्हा एकदा काढा. तोच कोपरा परत पुसट आला तर लेन्सची जुळणी चुकलेली आहे. बिल आणि ते दोन फोटो घेऊन, बदलून द्यायची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.