ख्रिस्तपुराण वाचायला बसताय? मग आमच्या म्हापशाच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट ऐका

मी मूळची नगरची. हे आधीच सांगून टाकते कारण गोव्यात आल्यापासून एकच प्रश्न ऐकतेय, तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी कशा काय? इथलं गणित ठरलेलं आहे, ख्रिश्चन म्हणजे कॅथलिक, घरात कोंकणी, ती पण रोमी लिपीत लिहायची, आणि मराठी म्हणजे देऊळ, भजन, नाटक. आमच्याकडे असं नव्हतं. आज्जीकडे ज्ञानोदय यायचा, 1842 ला निघालेलं मासिक ते, आणि रविवारी चर्चमधे उपासना संगीत उघडून नारायण वामन टिळकांची पदं टाळ मृदंगावर चालायची, त्यामुळे ख्रिस्ती आणि मराठी हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवायला मला कधी त्रासच झाला नाही.

तर नोकरीनिमित्त म्हापशात आले, मराठी शिकवते, आणि काही वर्षांपासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आमच्या हॉलमधे पाचसात जण बसून जुनं साहित्य वाचतो. हल्ली दोघातिघांनी विचारलं की आम्हाला पण असं सुरू करायचंय, ख्रिस्ती नजरेतून वाचायचं तर सुरुवात कुठून करायची. म्हणून हे लिहितेय. आधी माझ्या चुका सांगते, त्या जास्त उपयोगाच्या आहेत.

पहिल्या बैठकीला मी टॉलस्टॉयची ती चांभाराची गोष्ट घेतली, मार्टिनची. तळघरात राहतो, खिडकीतून लोकांचे फक्त बूट दिसतात, आज प्रभू येणार म्हणून वाट बघतो आणि येतात कोण तर बर्फ काढणारा म्हातारा, थंडीने कुडकुडणारी बाई आणि तिचं बाळ, सफरचंद चोरणारं पोर. छोटी आहे, एका बसणीत होते, आणि मागे बायबलातलं मत्तय 25 आहे, लहानातल्या लहानाला जे केलंत ते मलाच केलंत असं येशू म्हणतो ते, हे सरळ दिसतं. पण मी काय केलं, गोष्ट पाच मिनिटांत गुंडाळली आणि मत्तयवर अर्धा तास बोलले. सगळे गप्प. चहा पिताना बँकेतून रिटायर झालेले एक बाब (इथे वडीलधाऱ्या गृहस्थाला बाब म्हणतात), बार्देशचे कॅथलिक, अगदी हळू म्हणाले, टीचर, सकाळी मिसाक सर्मांव ऐकून आयलां हांव, म्हणजे सकाळीच चर्चमधे प्रवचन ऐकून आलोय. लाजच वाटली. म्हणजे देवावर माझ्याइतकीच श्रद्धा असलेला माणूस मला सांगत होता की प्रवचन पुरे, त्या म्हाताऱ्याला मार्टिनने चहा कसा पाजला ते वाच.

तेव्हापासून एक नियम केला, पहिला पाऊण तास फक्त मजकूर, मोठ्याने, आणि वचन काढायचं तर ते पुस्तकातल्या ओळीला चिकटूनच. ख्रिस्ती दृष्टी म्हणजे दिसेल त्या पुस्तकात येशू शोधत सुटणं अशी माझी समजूत होती. ज्ञानेश्वरी घेतली तरी मी पसायदानात डोंगरावरचं प्रवचन शोधायचे. साम्य असतं काही ठिकाणी, नाही असं नाही, पण त्या नादात ज्ञानदेव काय म्हणतायत ते ऐकायचंच राहून जातं.

आता ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची गोष्ट ओव्यांमधे सांगणारं जुनं मराठी काव्य. गोव्यात असाल तर ह्याच्याशिवाय सुरुवात करू नका असं मी म्हणेन, पण दुसरी तिसरी बैठक झाल्यावर, पहिल्याच दिवशी नको. लिहिलं फादर थॉमस स्टीफन्सनी, इंग्लंडचे जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे पाद्री, 1579 ला गोव्यात उतरले ते 1619 ला इथेच वारले, आयुष्य बहुतेक दक्षिण गोव्यातल्या साष्टीत गेलं. 1583 ला भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक लॅटिनसारखी आहे असं लिहून गेलेत, हे त्या काळी कोणाच्या डोक्यात तरी होतं का. पुराण 1616 ला साष्टीतल्याच रायतूरला छापलं, मराठी ओव्या पण रोमन लिपीत कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पहिलं पुराण 36 अवस्वरु, दुसरं 59, मिळून 10,962 ओव्या. अवस्वरु म्हणजे अध्याय. 1616, 1649, 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांची एक सुद्धा प्रत आजवर सापडलेली नाही, आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून मंगळूरला 1907 ला छापलेलं आणि त्याच्या पुढचं.

मराठी भाषा दिनाला दरवर्षी ती ओवी सगळीकडे फिरते, जैसी पुस्पांमाजी पुस्प मोगरी, कीं परिमळांमाजी कस्तुरी, तैसी भासांमाजी साजिरी, मराठिया. फिरते आणि तिथेच थांबते. पुढच्या दहा हजार ओव्या कोणी उघडत नाही.

आमच्याकडे ते उघडलं कसं ते सांगते. माझ्याकडे 1907 च्या मंगळूर आवृत्तीतल्या काही पानांची झेरॉक्स होती, रोमन लिपी. पेडण्याचा एक जण येतो आमच्याकडे, भजनी मंडळात हार्मोनियम वाजवतो, त्याने कागद घेतला, दोन ओळी बघितल्या आणि म्हणाला हे काय पोर्तुगीज आहे काय. आमच्या त्या बँकवाल्या बाबांनी चष्मा लावला आणि घडाघडा वाचायला लागले, कारण ते लहानपणापासून रोमी कोंकणी वाचत आलेले, दोन एन आले की ण, दोन टी आले की ट, दोन एल म्हणजे ळ, एक्स म्हणजे श, हे त्यांच्या हाडात आहे. पाच ओव्या वाचून थांबले आणि म्हणाले, म्हाका वाचूंक येता, पूण समजना. आणि पेडण्याचा माणूस उडालाच, अहो मला समजतंय सगळं, परत म्हणा! मग असंच चालू झालं, एक वाचणार आणि दुसरा तीच ओवी ज्ञानेश्वरीच्या चालीत म्हणून अर्थ सांगणार. वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्व समरथा. ती चाल लागली आणि मला नगरच्या चर्चमधे बसल्यासारखं वाटलं. चारशे वर्षांत ती लिपी एकाकडे राहिली आणि भाषा दुसऱ्याकडे, आणि दोघं माझ्या हॉलमधे एका कागदावर वाकलेले. त्यामुळे गट जमवताना एकाच चर्चचे, एकाच भाषेचे लोक घेऊ नका, निदान हे पुस्तक तरी तसं उघडत नाही.

दुसरी चूक ह्याच पुस्तकावर केली. मी पहिला अवस्वरु मधूनच उडवला. का, तर भीती. आमच्यात फोंड्याची एक मुलगी आहे, बीएड करते, कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. देवी मूळ केळोशीची, सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं मोडली तेव्हा लोकांनी तिला खाडीपलीकडे नेलं, हे तिच्या घरात अजून कालपरवा घडल्यासारखं सांगतात. 1560 ते 1812 इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं हे पण सगळ्यांना माहीत. मला वाटलं कशाला तो विषय, आपण आदाम एवा, मारियेचं स्तवन असं गोड गोड वाचू. तिसऱ्या बैठकीला तिने सरळ विचारलं, ताई, आमची देवी केळोशीहून का गेली ते ह्या पुस्तकात आहे का?

देवीचं काही नाही. पण मी जे उडवलं होतं तिथेच तर होतं बाकी सगळं. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, साष्टीत रविवारी दोतोर्न चालू आहे, म्हणजे ख्रिस्ती शिकवण, आणि एक ब्राह्मण उठून पाद्रीला म्हणतो की तुम्ही आमची आधीची पुराणं बंद केलीत, मग तसलं काही दुसरं आम्हाला करून का देत नाही. म्हणजे हे अख्खं काव्य एका बंदीतून आलेलं आहे आणि कवी ते लपवत नाही, पहिल्या अध्यायात मांडतो. ते वाचल्यावर ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, म्हणजे त्याला कळत होतं की लोकांकडून काय काढून घेतलंय. बाब म्हणाले, आमचे पण पूर्वज त्याच गर्दीत बसलेले असणार, ऐकणारे. मी ख्रिस्ती म्हणून तिथे काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते, आणि तेच बरं झालं. क्षमा वगैरे शब्द तोंडावर आलेले पण ते मी मागायची की त्यांनी, हेच कळेना. आम्ही तो प्रसंग दुसऱ्यांदा वाचला फक्त.

आणि मग देवचार. ह्यावर तर दोन रविवार गेले. स्टीफन्स सैतानाला देवचार म्हणतात, आणि कॅथलिक कोंकणीत आजही देवचार म्हणजे सैतानच. पण पेडण्याला देवचार म्हणजे गावचा राखणदार, खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी सोडतो, त्याला रोट म्हणजे जाड भाकरी आणि सुरो म्हणजे दारू ठेवतात. आमचा हार्मोनियमवाला भडकला, आमच्या राखणदाराक सैतान म्हणटा तो? आता इथे नवीन माणसाने काय करावं, तर शब्दकोश काढून मिटवू नये. उलट वही घ्या आणि असे शब्द लिहा, स्वर्गाला वैकुंठ ठेवलाय, बाप्तिस्म्याला ज्ञानस्नान, पण पवित्र आत्मा मात्र पोर्तुगीज, स्पिरितु सांतु. कुठला शब्द इथला उचलला, कुठला बाहेरून आणला आणि कुठला उचलून उलटा केला. माझ्या मते ख्रिस्ती वाचकाला ह्या वहीतून जेवढं कळतं तेवढं टीकाग्रंथातून कळत नाही. वैकुंठ चालतो आणि देवचार नरकात, हे कोणी ठरवलं ह्यावर विचार करायला लागलात की तुम्ही वाचायला लागलात.

पुस्तकं कुठे मिळतील. पणजीला पाट्यावर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, तिथे गोव्याविषयीच्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे, मेंबर व्हा आणि तिथल्या माणसांना नीट विचारा, घाई करू नका. देवनागरीत शांताराम बंडेलूंची 1956 ची आवृत्ती, नंतर कारिदाद द्रागोंची, आणि अर्थ अडत असेल तर फादर नेल्सन फाल्कांवची 2009 ची, तिच्यात आजच्या मराठीत गद्य अर्थ आहे. मी नव्या माणसाला फाल्कांवच देते, पण ओवी आधी, अर्थ नंतर. गंमत म्हणजे लायब्ररीला ज्यांचं नाव आहे ते कृष्णदास शामा केळोशीचेच, 1526 ला श्रीकृष्णचरित्रकथा मराठीत लिहिलेली. ती पण सोबत वाचा, त्या ब्राह्मणाची जी पुराणं बंद झाली ती ऐकायला कशी असतील त्याचा कान येतो.

पुराण जड झालं की लक्ष्मीबाई टिळक घ्या, स्मृतिचित्रे. नवरा, म्हणजे ज्यांची पदं आमच्या चर्चमधे चालायची ते नारायण वामन टिळक, 1895 ला ख्रिस्ती झाला, ही बाई लगेच मागे गेली नाही, स्वतःचं स्वतः ठरवून 1900 ला बाप्तिस्मा घेतला. आमच्याकडे लोक हसून हसून रडले. श्रद्धेबद्दल बोलायला लाजणारे लोक हे पुस्तक वाचल्यावर आपापल्या आज्जीबद्दल बोलायला लागतात.

कादंबऱ्यांमधे दोस्तोयेव्हस्की केला, पण अख्खा नाही. करामाझॉव्हमधला ग्रँड इन्क्विझिटरचा भाग तेवढा, सेव्हिलमधे ख्रिस्त परत येतो आणि नव्वदीचा म्हातारा इन्क्विझिटर त्याला तुरुंगात टाकून बोलत राहतो आणि तो एक अक्षर बोलत नाही, शेवटी त्याचं चुंबन घेतो. गोव्यात बसून हे वाचणं वेगळंच आहे, बास, जास्त सांगत नाही.

विद्यार्थी विचारतात करिअरला उपयोग काय. एमए मराठी करणार असाल आणि रोमी लिपी, थोडी पोर्तुगीज, जुनी मराठी असं तिन्ही हाताशी असेल तर प्रबंधाला विषय शोधत फिरावं लागणार नाही, हस्तलिखितं वाचणारी माणसं फार कमी आहेत. पगाराची हमी मी देत नाही, माझाच बघून घ्या.

बाकी बैठकीला दोन तासांवर जाऊ नका, मोबाईल दाराजवळ टोपलीत, आणि खायला काहीतरी हवंच. ह्या रविवारी पेडण्याचा माणूस रोट घेऊन आला होता, देवचाराला ठेवतात तसला. टेबलावर ठेवला आणि बाबांकडे बघत बसला. बाबांनी एक तुकडा मोडला, चहात बुडवला, आणि म्हणाले, बरो जाला, पूण सुरो खंय?