वरून दगड, आत डबी

जिओकॅशची, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेली वस्तू शोधायच्या खेळातली डबी लपवायची म्हटलं की हात आधी रंगाकडे जातो. हिरवे-तपकिरी पट्टे मारलेली डबी पाचोळ्यात दहा पावलांवरूनही डबीच दिसते, कारण रंग जुळला तरी डोळा आकार टिपतो: सरळ कड, गोल झाकण, चकाकी. म्हणून डबी वेगळी आणि तिचं सोंग वेगळं ठेवावं. पाणी अडवणं हे डबीचं काम, नजर चुकवणं हे सोंगाचं. सोंग फुटलं तर नवं करता येतं, आतली शोधणाऱ्यांची नोंदवही शाबूत राहते.

डबी फिरकीच्या झाकणाची घ्या, झाकणात रबरी वायसर असलेली. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून, वर वजन ठेवून ती तासभर पाण्यात बुडवा. कागद जरासा जरी ओलसर लागला तर ती डबी बाद. १०० मिलिपेक्षा लहान डबी ‘मायक्रो’ गटात जाते. तिच्यात नोंदीची गुंडाळी मावते, देवाणघेवाणीच्या वस्तू मावत नाहीत.

सगळ्यात फसवं सोंग म्हणजे दगड. साधारण ५ सेंमी रुंद आणि ७ सेंमी उंच डबीसाठी सिमेंट १ वाटी, पर्लाइट (कुंडीच्या मातीत घालतात ते पांढरे हलके दाणे) दीड वाटी आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दीड वाटी लागतं (वाटी २०० मिलिची). हा दगड नुसत्या सिमेंट-वाळूच्या दगडापेक्षा बराच हलका होतो आणि अंगाने खडबडीत राहतो, त्यामुळे पुढे त्याच्यावर खरं शेवाळ धरण्याची शक्यता असते. सिमेंट त्वचा भाजतं, म्हणून हातमोजे हवेत. कोरडं मिसळताना तोंडावर मास्क हवा. पाणी थोडं थोडं घाला. मूठ दाबल्यावर गोळा टिकला आणि एक-दोन थेंबच निघाले की थांबा. मिश्रण पातळ झालं तर वाळताना तडे जातात.

आता साचा. बादलीत ओली वाळू दाबून भरा आणि तिच्यात एखादा खरा दगड दाबून खळगा करा, १० सेंमी रुंद आणि तेवढाच खोल. त्यात चुरगाळलेला प्लास्टिकचा कागद अंथरा. त्याच्या सुरकुत्याच पुढे दगडाच्या भेगा होतात. तळाशी अडीच सेंमी मिश्रण घाला, डबी उलटी, म्हणजे झाकण खाली करून ठेवा आणि भोवती तेवढ्याच जाडीची भिंत बोटांनी दाबत वर आणा.

इथेच बहुतेकांची डबी अडकते. झाकण डबीच्या अंगापेक्षा रुंद असतं, मिश्रण त्याच्या काठाखाली शिरतं आणि घट्ट झाल्यावर डबी सोडत नाही. त्यामुळे डबी ठेवण्याआधीच तिच्या अंगाला वर्तमानपत्र गुंडाळत न्या: झाकणाच्या बाजूला कमी, बुडाकडे जास्त, बुडाशी सगळ्या बाजूंनी झाकणापेक्षा ३-४ मिमी जाड. त्यावर प्लास्टिक आणि प्लास्टिकला तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी पिळा देत ओढली की डबी सुटते. गुंडाळीमुळे पोकळी डबीपेक्षा सैल राहते, आणि तशीच ती हवी.

चोवीस तासांनी दगड अजून कच्चा असतो, नखाने ओरखडा उठतो. हीच वेळ तारेचा ब्रश फिरवून कडा मोडायची. मग तो आठवडाभर ओलसर ठेवून प्लास्टिकमध्ये बांधा आणि पुढे तीन आठवडे सावलीत वाळवा. घाईने रंगवलात तर आतले क्षार रंगातून पांढरे फुटून येतात.

जिथे ठेवणार तिथल्या दगडांचा फोटो दिवसाउजेडी काढून समोर ठेवा. आधी मधला रंग. मग गडद रंगाच्या एका भागात पाच भाग पाणी घालून ते वरून ओघळू द्या आणि पुसा, म्हणजे खाचा काळवंडतात. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग नुसत्या उंचवट्यांवर. तिन्ही रंग अ‍ॅक्रिलिक, आणि वरचं वार्निश मॅटच. चमक एका उन्हात सगळं उघडं पाडते. शेवाळाचा भास हवा असेल तर स्पंजचे बारीक तुकडे हिरव्या रंगात बुडवून खाचांत चिकटवा. जिवंत शेवाळ खरवडून आणू नका.

झाडाझुडपांत दगड उपरा वाटतो, तिथे गळून पडलेली, पूर्ण वाळलेली ६-७ सेंमी जाडीची फांदी घ्या. आत प्रीफॉर्म बसवा, म्हणजे फुगवून बाटली करण्याआधीची प्लास्टिकची जाड नळी. भोक तिच्यापेक्षा ३ मिमी मोठं पाडा आणि आतून वार्निश लावा, नाहीतर पहिल्या पावसात लाकूड फुगतं आणि नळी निघत नाही. वर तिच्याच सालीचा तुकडा चिकटवायचा तर ग्लू गनवर विसंबू नका, तो गोंद उन्हात मऊ पडतो. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी टिकते.

जागेच्या मालकाची परवानगी घ्या. खणायचं नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, आणि दुसऱ्या जिओकॅशपासून किमान १६१ मीटर अंतर ठेवायचं. आतल्या डबीवर ‘जिओकॅश’ असं ठळक लिहा, म्हणजे चुकून सापडली तरी कुणाला घातपाताचा संशय येणार नाही. खाली मूठभर खडी टाका, तिच्यावर डबी सरळ उभी ठेवा आणि दगड टोपीसारखा वरून घाला. दगड उताणा राहिला तर पोकळीत पाणी साचतं, त्यामुळे झाकणावर आणखी एक ओळ हवीच: ‘दगड होता तसाच पालथा ठेवा.’