चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटीला जाताना

चर्चगेटहून मरीन लाइन्सच्या पुढचं स्थानक चर्नी रोड. रेल्वे आली तेव्हा समुद्र रुळांच्या बराच जवळ होता. मरीन ड्राइव्हचा भराव नंतरचा. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. 1930 अखेरीस कुलाबा स्थानक बंद झालं आणि चर्चगेट शेवटचं स्थानक ठरलं.

उपनगरातून येताना धिमी लोकल धरा. जलद पकडायची तर आधी इंडिकेटरवर थांबे बघा, नाहीतर मुंबई सेंट्रलला गाडी बदला. मध्य रेल्वेवाल्यांना गाडी बदलायला दादर सोयीचं.

मोबाइलवर बिनकागदी तिकीट घराबाहेर पडण्याआधीच काढा. स्थानकाच्या आवारात जीपीएस ते काढू देत नाही. टीसीला तिकीट ॲपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. सेकंडच्या तिकिटावर फर्स्टमध्ये चढलात तर भाड्यातला फरक आणि वर किमान 250 रुपये दंड. घाईत डबा चुकतो, ही सबब कोणी ऐकत नाही.

उतरल्यावर चौपाटीसाठी पश्चिमेला बाहेर पडा. पूर्वेला महर्षी कर्वे रस्ता, सैफी रुग्णालय आणि ठाकूरद्वार.

रविवारी धिम्या मार्गावर देखभालीसाठी जम्बो ब्लॉक असेल तर धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात आणि फलाट बदलतो, म्हणून उद्घोषणा ऐका. अनंत चतुर्दशीला गर्दी आवरण्यासाठी संध्याकाळी इथल्या एखाद्या फलाटावर गाड्या न थांबवण्याचा निर्णय होतो. वेळा पश्चिम रेल्वे आधी जाहीर करते. त्या दिवशी परतीचं तिकीट जातानाच काढा.