प्रोग्रामिंगचे प्रश्न भाषावार कसे लावावेत

महाविद्यालयातील कोडिंग क्लब असो, एखाद्या संस्थेचा प्रशिक्षणवर्ग असो किंवा मित्रांनी मिळून चालवलेले अभ्यासमंडळ असो, दोन-तीन वर्षांत तिथे विचारलेल्या प्रश्नांचा आणि दिलेल्या उत्तरांचा मोठा साठा तयार होतो, आणि तो नीट लावलेला नसेल तर दर वर्षी नवी तुकडी तेच प्रश्न पुन्हा विचारते. हा साठा लावायला बसल्यावर सर्वात आधी सुचते ती वाटणी म्हणजे प्रत्येक भाषेला एक विभाग. ही वाटणी मुळात योग्य आहे. मात्र विभागाची सीमा भाषेच्या नावावर न ठरवता एका साध्या कसोटीवर ठरवावी: भाषा बदलली तर या प्रश्नाचे बरोबर उत्तर बदलते का? बदलत असेल तर प्रश्न त्या भाषेच्या विभागात जातो आणि बदलत नसेल तर सामाईक विभागात.

कामाला सुरुवात करताना आधी विभाग तयार करून मग त्यांत प्रश्न भरू नयेत. साठ्यातले अलीकडचे दोनशे प्रश्न काढावेत, एका तक्त्यात प्रत्येकापुढे भाषा, आवृत्ती, कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात बदलणारे साधन) आणि प्रश्नाचा गाभा एवढेच लिहावे, आणि मग कुठे किती प्रश्न जमतात ते पाहावे. रस्ट, कोटलिन, हॅस्केल या भाषा कितीही आवडत्या असल्या, तरी त्यांचे तीनच प्रश्न आलेले असतील तर स्वतंत्र विभाग उघडू नये. ‘इतर भाषा’ या एका विभागात त्यांना टॅग, म्हणजे शोधता येईल अशी नावाची चिठ्ठी, लावून ठेवावे. रिकाम्या विभागात कोणी डोकावत नाही, आणि तिथे विचारलेला प्रश्न आठवडाभर तसाच पडून राहिला की विचारणारा विद्यार्थी परत येत नाही. माझ्या मते प्रश्नांच्या संख्येइतकीच महत्त्वाची अट म्हणजे त्या भाषेत उत्तर देऊ शकणारी आणि तशी तयारी दाखवणारी किमान दोन माणसे असणे. एकच माणूस असेल तर त्याच्या परीक्षेच्या काळात तो विभाग बंद पडल्यासारखाच असतो.

सर्वात जास्त विचार करावा लागतो तो सी आणि सी++ या जोडीचा. ‘सी/सी++’ असा एकत्र विभाग करण्याचा मोह प्रत्येकालाच होतो, कारण बहुतेकांनी या भाषा पाठोपाठ शिकलेल्या असतात. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली आणि तिथेच ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये तिच्यावर ‘सी विथ क्लासेस’ उभारण्यास सुरुवात केली. १९८३ मध्ये तिला सी++ हे नाव मिळाले. वंश एक असला तरी आज या दोन भाषांची उत्तरे वेगळी आहेत. मॅलॉकने (स्मृतीत जागा मागणाऱ्या फंक्शनने) मिळवलेल्या जागेचा पत्ता थेट इंट-पॉइंटरमध्ये, म्हणजे पूर्णांकाचा पत्ता साठवणाऱ्या चलात, ठेवला तर सी तक्रार करत नाही, पण सी++चा कंपायलर तिथेच थांबतो. एकेरी अवतरणातल्या एका अक्षराचा साइझऑफ, म्हणजे ते किती बाइट घेते हे, विचारला तर सी++ नेहमी १ सांगते, तर सीमध्ये ते अक्षर इंट मानले जात असल्यामुळे आजच्या नेहमीच्या संगणकावर ४ येते. शिवाय सी++च्या प्रश्नाला आज अनुभवी माणूस मॅलॉकऐवजी व्हेक्टर (सी++मधली आपोआप वाढणारी यादी) वापरायला सांगेल, आणि सी शिकणाऱ्याला त्या उत्तराचा काहीच उपयोग नाही. आमच्याकडे एकत्र विभाग असताना निम्मी चर्चा ‘हे सी आहे की सी++’ यावरच होत असे. म्हणून हे दोन विभाग वेगळेच ठेवावेत, आणि प्रश्न विचारताना फाइलचे नाव कोणत्या विस्ताराने संपते हेही लिहायला सांगावे.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत इथे आणखी एक गुंता असतो, आणि तो मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही: टर्बो सी++. निळ्या पडद्याचा हा जुना कंपायलर कितीतरी प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षे वापरात राहिला. त्याची प्रसिद्ध ३.० आवृत्तीसुद्धा १९९८ मध्ये आलेल्या सी++च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या आधीची आहे, त्यामुळे ‘आयओस्ट्रीम’च्या पुढे ‘डॉट एच’ लिहिणे, ‘क्लिअरस्क्रीन’चा आदेश, ‘व्हॉइड मेन’ या तिथल्या सवयी आजच्या जीसीसी या कंपायलरवर चालत नाहीत किंवा चुकीच्या ठरतात. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे टर्बोमधला इंट दोन बाइटचा असतो. २०००० मध्ये २०००० मिळवले तर तिथे –२५५३६ दिसते आणि आजच्या कंपायलरवर ४००००. विद्यार्थ्याला वाटते की आपली बेरीज चुकली. उत्तर देणाऱ्याला आपल्या यंत्रावर ती चूक दिसतच नाही. अशा प्रश्नांसाठी स्वतंत्र विभाग करू नये, पण सी आणि सी++ या दोन्ही विभागांत कंपायलरचे नाव लिहिणे सक्तीचे करावे आणि ‘टर्बो’ हा टॅग ठेवावा. टर्बोवर शिकणारा विद्यार्थी चुकत नसतो, त्याला जे साधन दिले गेले त्यावर तो शिकतो. त्यामुळे उत्तराची सुरुवात ‘आधी टर्बो सोडा’ अशी करू नये. आधी त्याच्या यंत्रावर चालेल असे उत्तर द्यावे आणि मग आजची पद्धत सांगावी.

जावा आणि जावास्क्रिप्ट यांची गफलत वेगळ्या प्रकारची आहे. नावे सारखी आहेत, दोन्ही १९९५ मध्ये जगासमोर आल्या, पण भाषा म्हणून त्या एकमेकींपासून दूर आहेत. जावामध्ये दोन शब्द सारखे आहेत का हे पाहताना दुहेरी बरोबर-चिन्ह वापरले तर मजकुराची नव्हे, संदर्भांची तुलना होते, म्हणून ‘इक्वल्स’ वापरावे लागते. जावास्क्रिप्टमध्ये साध्या स्ट्रिंगसाठी मजकुराचीच तुलना होते. एका विभागातले उत्तर दुसऱ्या विभागातल्या वाचकाने उचलले तर तो नक्की अडकतो. उपाय सोपा आहे: विभागांचे नाव नुसते ‘जावा’ आणि ‘जावास्क्रिप्ट’ असे न ठेवता त्याखाली एका ओळीत ओळख लिहावी, जसे ‘ब्राउझरमध्ये किंवा नोडवर चालणारी भाषा’.

आवृत्त्यांसाठी मात्र विभाग करू नयेत. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आली आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधल्या अकरा वर्षांत ज्यांनी दोन विभाग चालवले त्यांच्याकडे आज एक विभाग ओसाड आहे. ५ ला २ ने भागले तर जुन्या पायथनमध्ये २ येतात आणि नव्यात २.५, एवढा फरक असला तरी त्यासाठी टॅग पुरेसा आहे. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेचेही तसेच. पहिल्या दहा ओळी हव्या असतील तर मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट’, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’ आणि ओरॅकलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ‘फेच फर्स्ट’ लिहिता येते. विभाग एकच ठेवावा, पण प्रणालीच्या टॅगशिवाय प्रश्न स्वीकारू नये.

आता सामाईक विभाग. बायनरी सर्च कसे चालते, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे) कुठे थांबते, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधली ब्रँच कशी जोडावी, हे प्रश्न सरळच तिथे जातात. काही प्रश्न मात्र एका भाषेचे वाटतात आणि प्रत्यक्षात सर्वांचे असतात. ०.१ + ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ दिसते, ही तक्रार पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट या तिन्ही विभागांत येते, कारण तिन्ही भाषा अपूर्णांक त्याच द्विमान मानकानुसार साठवतात. याचे एकच चांगले उत्तर सामाईक विभागात लिहावे आणि तिन्ही ठिकाणांहून त्याची लिंक द्यावी. याच्या उलटही घडते. ऋण संख्येची बाकी काढणे हे नुसते गणित वाटते, पण –७ ला ३ ने भागल्यावरची बाकी सी, जावा आणि जावास्क्रिप्ट –१ सांगतात, तर पायथन २ सांगते. हा प्रश्न सामाईक विभागात ठेवला तर त्याला दोन परस्परविरोधी आणि दोन्ही बरोबर उत्तरे मिळतात.

दोन भाषा मिसळलेल्या प्रश्नांना, उदाहरणार्थ पीएचपीच्या पानातली जावास्क्रिप्ट किंवा पायथनमधून चालवलेली एसक्यूएल, एकच घर द्यावे. एरर कोणी दिली हे पाहावे: डेटाबेसने दिली असेल तर एसक्यूएल, पायथनने दिली असेल तर पायथन. दुसऱ्या भाषेचा फक्त टॅग लावावा. विभाग आणि टॅग यांतला हा फरक जुनाच आहे. इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या युझनेट या जाळ्यावर ‘कॉम्प.लँग.सी’सारखे भाषावार गट होते, तर २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने विभाग टाळून प्रत्येक प्रश्नाला पाचपर्यंत टॅग लावण्याची पद्धत घेतली. प्रचंड मोठ्या साठ्याला टॅग सोयीचे पडतात. पण पन्नास-शंभर जणांच्या मंडळाला विभाग हवेच, कारण नवख्या विद्यार्थ्याला कोणता टॅग शोधायचा हेच माहीत नसते, आणि उत्तर देणाऱ्यालाही आपली जबाबदारी कोणत्या विभागाची हे स्पष्ट असावे लागते.

नावे ठेवताना शोधाचा विचार करावा. सी, आर, गो ही नावे शोधात हरवतात, म्हणून ‘सी भाषा’ किंवा ‘गोलँग’ अशी रूपे वापरावीत. सी शार्पच्या नावातले चिन्ह वेबपत्त्यात तसेच लिहिले तर पत्ता तिथेच तुटतो, म्हणून फोल्डरच्या आणि पत्त्याच्या नावात ते चिन्ह टाळून अक्षरी रूप घ्यावे.

मराठीत विचारलेले आणि इंग्रजीत विचारलेले प्रश्न वेगळे करू नयेत. कोणी देवनागरीत लिहील, कोणी रोमन लिपीतल्या मराठीत. अडचण एकच असते. एरर मात्र भाषांतर न करता जशीच्या तशी, छायाचित्राऐवजी मजकूर म्हणून चिकटवायला सांगावी, कारण पुढचा विद्यार्थी शोध घेताना तीच ओळ टाकणार असतो.

जुने प्रश्न हलवताना मूळ जागी नव्या जागेची लिंक ठेवावी, आणि विचारणाऱ्याला ‘चुकीच्या ठिकाणी विचारलेस’ असे न म्हणता प्रश्न गुपचूप हलवून त्याला कळवावे. दर वर्षी नवी तुकडी येण्याआधी, म्हणजे साधारण जूनमध्ये, प्रत्येक विभागातले वर्षभराचे प्रश्न मोजावेत. ज्या विभागात दहाही प्रश्न आले नसतील तो टॅगसह ‘इतर भाषा’मध्ये विलीन करावा, आणि ‘इतर भाषा’मध्ये ज्या टॅगचे प्रश्न वाढले असतील व उत्तर देणारे दोघे तयार असतील, त्याला स्वतंत्र विभाग द्यावा.