प्रश्नावलीत न मावलेल्या बाया : स्त्री अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांशी बोलायला पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता : 'तुम्ही कोणत्या संघटनेत किंवा आंदोलनात आहात का?' जिला विचारावं ती 'नाही' म्हणायची आणि मी खूण करून पुढे जायचे.

एका बाईनं 'नाही' म्हटलं आणि उठून पत्र्याच्या पेटीतून एक कॅरीबॅग काढली. आत जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेले कागद होते. सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, ऑपरेशनचं बिल. सव्विसाव्या वर्षी तिची गर्भाशयाची पिशवी काढली होती. "न्हाई काढली तर कॅन्सर होईल म्हनले. फाइल द्यायला तयार नव्हते, मी दारातच बसून ऱ्हायले. मला वाचता येत न्हाई, पन कागद सोडायचा न्हाई." आजूबाजूच्या चौघींनाही तिनं कागद सांभाळायला लावले होते. माझ्या फॉर्मवर मात्र तिच्या नावापुढे 'नाही' होतं!

हे मला फार लागलं. मोर्चा म्हणजेच चळवळ, हे मी पुस्तकांतून घेऊन गेले होते.

2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीच्या पाहणीत बीडमधल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. हा आकडा पाठ करू नका, तो कसा तयार होतो ते समजून घ्या. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीसाठी दोघांची मिळून एकच जोडी धरतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. एक दिवस बुडाला की खाडा, आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीत अंगावरून जास्त जातं, फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, आडोसा नाही, पाणी नाही. त्यात लेकरं झाली, नसबंदी झाली की 'आता पिशवी ठेवून काय करायचं' हे घरातही बोललं जातं आणि दवाखान्यातही. बाईचं गर्भाशय फक्त आईपणासाठी, हा समज इथे थेट शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो. मातृत्वावरची सगळी सैद्धांतिक चर्चा मला या एका वाक्यापाशी समजली.

जाण्याआधी डॉ. राणी बंग यांचं गडचिरोलीतलं 1989 चं संशोधन जरूर वाचा. दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या, 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. तपासणी पूर्वी कधी झालेल्या जेमतेम 8 टक्के. मुलाखतीत 'गर्भाशय' म्हणू नका, 'पिशवी' म्हणा. 'अंगावर पांढरं जाणं' (योनीतून पांढरा स्राव), 'अंग बाहेर येणं' (गर्भाशय खाली सरकणं) हे शब्द आधी कानाला सवयीचे करा.

हंगामात फडावर मुलाखती घेऊ नका. बाया पहाटे चारला उठतात, तुमचा अर्धा तास त्यांच्या झोपेतून जातो. पावसाळ्यात गावी जा. सासू किंवा मुकादम जवळ असेल तर वही बंदच ठेवा. पहिल्या भेटीत बाळंतपणांबद्दल विचारलं की बाकीचं ओघानं येतं.

दुसऱ्या फेरीत मी 'संघटना' काढून 'दवाखान्याचे कागद घरात कोण जपतं?' हा प्रश्न घातला. त्यावर बाया तासतासभर बोलल्या.

आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवा. बोलणं संपलं की बाई विचारतेच, "ताई, मग आता मी कुठं दाखवू?"