स्वस्तातला जुना बेस: आधी नेक बघा, मग बाकीचं

जुन्या बेस गिटारचे तारा, पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबकी भाग), पॉट (नॉबखालचा व्हॉल्यूम-टोनचा भाग), जॅक (केबल खुपसायची जागा), खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा अडकवलेला भाग) असे बहुतेक भाग घरबसल्या बदलता येतात. पीळ बसलेला नेक (बोटं दाबतात तो लाकडी दांडा) मात्र घरी सरळ होत नाही, आणि नव्या नेकच्या पैशांत कधीकधी दुसरा जुना बेस येतो. त्यामुळे बघायला जाल तेव्हा रंग, चरे, गंजलेले स्क्रू यांकडे दुर्लक्ष करा. भाव पाडायला ते उपयोगी पडतात, एवढंच.

पहिला बेस आणि पहिलीच दुरुस्ती असेल तर चार तारांचा, ३४ इंची स्केलचा (तारेची वाजणारी लांबी), पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) आणि पी (प्रिसिजन) किंवा पीजे (प्रिसिजन आणि जॅझ मिळून) पिकअपचा बेस शोधा. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१चा आणि त्याचं दोन तुकड्यांचं पिकअप १९५७चं. तेव्हापासून तो आकार इतक्या कंपन्यांनी उचलला, की सुटे भाग मिळण्याची शक्यता याच जातीत सर्वात जास्त. आपल्याकडच्या जुन्या बाजारात स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) ॲफिनिटी, यामाहा टीआरबीएक्स १७४, आयबानेझ जीएसआर २००, कॉर्ट ॲक्शन ही नावं वारंवार दिसतात. जीएसआर २००मध्ये बास वाढवणारं छोटं ॲक्टिव्ह सर्किट असतं, त्यामुळे त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. नव्याचा आजचा भाव बघूनच निघा. जुन्याचा आकडा त्याच्या साठ टक्क्यांच्या वर गेला तर थोडी कळ काढून नवाच घ्यावा. आणि फेंडरचा लोगो असलेला बेस स्क्वायरच्या भावात मिळत असेल, तर बहुधा लोगो तेवढा फेंडरचा असतो.

जाताना स्वतःची केबल, फोनमध्ये ट्यूनर, ॲलन की, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि जमल्यास मल्टिमीटर न्या.

आधी बेस सुरात लावा. सैल तारांवर नेक कसाही सरळ दिसतो, पूर्ण ताण आल्यावरच त्याचं खरं रूप कळतं. मग हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही कडा सारख्याच वाकल्या असतील तर तो बाक, आणि तो ट्रस रॉडने (नेकच्या आतली, किल्लीने आवळायची धातूची सळई) बहुतेक वेळा निघतो. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर तो पीळ. पीळ दिसला की नमस्कार करून निघा, भाव कितीही उतरला तरी.

त्यानंतर ट्रस रॉडचं तोंड तपासा. षटकोनी खाच गोल झाली असेल तर किल्ली आत फिरतच राहणार. मालकाची परवानगी घेऊन पाव फेरा सैल करा आणि परत घट्ट करा. सैल होतो पण घट्ट होताना अडतो, आणि नेक अजून पुढे झुकलेलाच आहे, म्हणजे रॉडची ताकद संपली.

आता प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) वाजवा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. एखाद्याच ठिकाणी खरखर आली तर पुढचा फ्रेट उचललेला असतो. पहिल्या पाच फ्रेटवर तारांनी खोल खाचा पाडल्या असतील तर फ्रेट घासून घ्यावे लागतील. तो खर्च कारागिराला विचारून भावातून वजा करा. शेवटच्या पाच-सहा फ्रेटवरच सगळ्या तारा घासत असतील तर नेकचं टोक बॉडीजवळ वर आलेलं असतं, आणि तिथे ट्रस रॉडचा उपयोग नसतो. पहिली किंवा चौथी तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरत असेल तर मात्र घाबरू नका. नेकचे चार स्क्रू थोडे सैल करायचे, नेक हाताने योग्य बाजूला ओढून धरायचा आणि परत आवळायचे.

इलेक्ट्रिकल तपासणीला अँप नसला तरी चालतं. पॅसिव्ह बेसला केबल लावा, सगळे नॉब पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप (प्लगचं टोक) व बाहेरचा धातू यांच्यामध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. एकट्या पी पिकअपला साधारण १० किलोओहम, एकट्या जेला ७ ते ८, आणि दोन जे एकत्र उघडे असतील तर ४च्या आसपास. आकडाच येत नसेल तर कॉइल किंवा वायर तुटलेली आहे. पीमध्ये जाड दोन तारा ठणठणीत आणि बारीक दोन मेल्यागत वाजत असतील तर एका तुकड्याची कॉइल शॉर्ट असू शकते. नॉब फिरवताना येणारी खरखर किंवा जॅक हलवल्यावर जाणारा आवाज हा अर्ध्या तासाचा दोष आहे, पण चेहरा गंभीरच ठेवा.

बेस घरी आणल्यावर पहिला खर्च तारांवर करा, पिकअपवर नको. कित्येक ‘मेलेले’ पिकअप नव्या तारांनी जिवंत होतात. ०.०४५ ते ०.१०५चा लाँग स्केल संच घ्या. तार खुंटीपासून पुढे १० ते १२ सेंटिमीटर जास्त ठेवायची, आधी काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची. न वाकवता कापली तर वरचं वेष्टण आतल्या गाभ्यावर सैल होतं आणि तार कायमची बोदी वाजते. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरतात, आणि ते वरून खाली जावेत.

सेटिंगचा क्रम ठरलेला आहे: नेक, तारांची उंची, इंटोनेशन (नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागणं), पिकअप. क्रम मोडला तर सगळं दोनदा करावं लागतं.

तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवरची फट मोजा. ०.३ मिलिमीटर हवी. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) मिळतो. तो नसेल तर झेरॉक्सचे तीन कागद एकत्र धरा, साधारण तेवढीच जाडी होते. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी आठवा भाग, फार तर पाव फेरा. मग बेस पुन्हा सुरात लावून तासभर थांबायचं. घाई केली तर रॉडची आटी जाते, आणि ज्याच्यासाठी बेस घेतला तोच नेक हातचा जातो.

सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.४ आणि बारीक तारेची २ मिलिमीटरपासून सुरुवात करा. जोरात वाजवत असाल तर थोडी वाढवा. सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) स्क्रू गंजून अडले असतील तर पेनिट्रेटिंग ऑइलचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. त्यांचे षटकोन एवढेसे असतात की एका झटक्यात गोल होतात. सॅडल पार खाली टेकलं तरी तारा उंच असतील, तर नेकच्या खाचेत बॉडीकडच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाची पट्टी ठेवा.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब, उतरा असेल तर जवळ. पिकअप किती वर ठेवायचं? पीसाठी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून जाड बाजूला २.८, बारीक बाजूला २ मिलिमीटर. त्याहून जवळ गेलं तर चुंबक तारेला ओढतो आणि वरचे सूर बेसूर, डळमळते वाजतात.

इथपर्यंत येऊन बेस महिनाभर वाजवावा. निम्म्या लोकांना पुढे काही करायची गरज वाटत नाही.

पुढे जायचंच असेल तर जॅक आणि पॉटपासून सुरुवात करा. खरखरणाऱ्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर २५० किलोओहमचा पॉट आणा. त्यावर ए२५०के असं लिहिलेलं असावं. बी म्हणजे लिनिअर, त्यावर सगळा फरक नॉबच्या एका टोकाला गोळा होतो. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ‘४७३’ म्हणून मागा, काही रुपयांत मिळेल. महागड्या ‘व्हिंटेज’ कपॅसिटरवर पैसे घालणं ही हौस आहे, आवाजासाठी त्याची गरज नाही. पॉटची दांडी मात्र जुना नॉब सोबत नेऊन जुळवा, तिथे लोक हमखास चुकतात.

वायर काढण्याआधी फोटो काढा. पीचं सर्किट सोपं आहे. पिकअपची गरम (सिग्नलची) वायर व्हॉल्यूमच्या एका कडेच्या पायावर, मधला पाय जॅकच्या टिपवर, उरलेला पाय वाकवून पॉटच्या पाठीवर. पिकअपच्याच पायावरून एक वायर टोन पॉटच्या कडेच्या पायावर, आणि टोनच्या मधल्या पायावरून कपॅसिटर पाठीवर. ब्रिजखालून येणारी ग्राउंडची वायरही पाठीवरच. पायांना २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरते. पॉटची पाठ उष्णता खाते, तिथे ४० ते ६० वॉट लागते आणि आधी पॉलिश पेपरने पाठ खरवडावी लागते. दोन-तीन सेकंदांत सोल्डर पसरलं नाही तर थांबा, नाहीतर आतली पट्टी जळते.

गुणगुण येत असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर कमी होते? मग ग्राउंड ठीक आहे. पोकळीत कॉपर टेप लावल्याने बराच फरक पडेल. टेपचा गोंद वीज वाहत नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्या, मल्टिमीटरने सलगता तपासा, आणि जॅकची टिप टेपला टेकत नाही ना ते बघा, नाहीतर आवाज बंद. हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर जॅकच्या दोन वायर उलट लागल्या असण्याची शक्यता मोठी. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष घराच्या अर्थिंगचा किंवा अँपचा. अँप बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नका.

पिकअप बदलणं सर्वात शेवटी. पी पिकअप सहसा जसंच्या तसं बसतं. जेमध्ये फेंडरच्या मापाने नेककडचं पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर आखूड असतं, आणि स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकसारखीही असतात. म्हणून ऑर्डरआधी कॅलिपरने मोजा. बसवल्यावर दोन्ही एकत्र उघडले की आवाज पातळ, नाकात बोलल्यासारखा येत असेल तर एकाच्या दोन वायर उलटवा.

बिनखर्चाचा एक बदल मात्र अवश्य करून बघा: ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची पट्टी. तारा फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीचं गुळगुळीत वेष्टण असलेल्या) असतील तर साठच्या दशकातला गोल, पटकन विरणारा ठोका मिळतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या १९६२च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड तारा आणि फोम वापरायचा. फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो, त्यामुळे नेक पुन्हा मोजा.

पट्ट्याचं बटण उपसून येत असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू आवळा. जड ब्रिज आणि नवा रंग यांतले पैसे विकताना परत येत नाहीत.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, दिवाळीनंतर आकसतं, आणि आठव्या फ्रेटवरची फट दोन्ही वेळा बदलते. कोरड्या हवेत फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागली तर ती बारीक कानसने घासता येतात. काढलेले मूळ पिकअप, पॉट आणि स्क्रू नाव लिहून पिशवीत ठेवा. विकायची वेळ आली की ते परत बसवायचे आणि चांगलं पिकअप पुढच्या बेसला न्यायचं.