फ्रीलान्स मेकअप आर्टिस्ट म्हणून काम सुरू केलंय? मग या चुका टाळा

या कामात सगळ्यात मोठी अडचण कुठली असेल तर क्लायंट तक्रारच करत नाही. आरशात बघते, "छान झालाय गं" म्हणते, पैसे देते आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच कोणाला तरी बोलावते. नोकरीत निदान वरचा माणूस ओरडतो तरी, इथे आपल्याला काही कळतच नाही, नुसते फोन कमी होतात आणि आपण म्हणतो सध्या सीझन नाहीये.

म्हणून पहिली चूक हीच की काम संपलं की विषय संपला. दुसऱ्या दिवशी एक मेसेज टाकायचा, आणि तो "कसा वाटला मेकअप?" असा नाही, कारण त्याला उत्तर "मस्त" एवढंच येतं. नेमकं विचारा: बेस (फाउंडेशनचा थर) किती वाजेपर्यंत टिकला, आधी कुठून गेला, नाकावरून की हनुवटीवरून, डोळ्यांखाली रेषा पडल्या का, लॅश (खोट्या पापण्यांची पट्टी) कोपऱ्यातून सुटली का, आणि फ्लॅशवाले फोटो असतील तर एखादा पाठव ना. असं विचारलं की बाई खरं सांगते, कारण तिला आता तक्रार केल्यासारखं वाटत नाही, ती नुसती माहिती देत असते. थोडे दिवस असं केलंत की आपल्या हातून परत परत काय चुकतंय ते आपोआप दिसायला लागतं.

चेहरा राखाडी दिसतोय, किंवा मान वेगळी आणि चेहरा वेगळा

नव्या लोकांच्या कामात हे सगळ्यात जास्त दिसतं. शेड मनगटावर बघितलेली असते, पिवळ्या बल्बखाली बघितलेली असते आणि लावल्या लावल्या ठरवलेली असते, म्हणजे तिन्ही गोष्टी चुकीच्या. जॉलाइनवर तीन शेड्सच्या रेघा ओढा, मानेपर्यंत खाली आणा, आठ-दहा मिनिटं तशाच राहू द्या (बरीच फाउंडेशन्स हवा लागली की गडद होतात, त्यालाच ऑक्सिडाइज होणं म्हणतात) आणि मग खिडकीपाशी नेऊन बघा. जी रेघ दिसेनाशी झाली ती आपली. चेहरा आणि मान यांचा रंग वेगळा असेल तर मान आणि छातीला मॅच करायचं, कारण फोटोत ते तिन्ही एकत्र येतं.

शेड बरोबर असूनही राखाडी दिसत असेल तर अंडरटोन (त्वचेच्या रंगाखालची पिवळी, गुलाबी किंवा हिरवट झाक) चुकलाय. वॉर्म किंवा ऑलिव्ह स्किनवर गुलाबी झाक असलेलं फाउंडेशन गेलं की चेहरा आजारी दिसतो. किंवा मग डोळ्यांखालच्या काळेपणावर करेक्टर न लावता सरळ फिकट कन्सीलर थापलेला असतो. आधी पीच किंवा ऑरेंज करेक्टर, तोही अगदी पातळ आणि फक्त काळ्या भागावर, मग कन्सीलर. लालसर डाग असतील तर हिरवा, पण नखाएवढाच, नाहीतर तो हिरवाच वरून डोकावतो.

आणि क्लायंट म्हणतेच, "जरा उजळ कर ना." तिच्याशी वाद घालू नका आणि दोन शेड फिकट फाउंडेशनही लावू नका. बेस तिच्याच रंगाचा ठेवा आणि उजळपणा कन्सीलरने चेहऱ्याच्या मधल्या भागात आणा, कपाळ, डोळ्यांखाली, हनुवटी. ती खूश आणि मानही वेगळी पडत नाही. 2017 मध्ये फेंटी ब्युटीने एकदम 40 शेड्स आणल्या तेव्हा केवढी चर्चा झाली होती, म्हणजे त्याआधी किती जणींना आपला रंगच मिळत नव्हता बघा. तुमच्या किटमध्ये 40 नकोत, सात-आठ चालतात, पण फिकट टोकापासून गडद टोकापर्यंत पसरलेल्या हव्यात आणि त्या मिक्स करायला जमल्या पाहिजेत.

फोटोत तोंड पांढरं फटक

समोर सुंदर दिसतंय आणि फ्लॅश पडला की डोळ्यांखाली चुना लावल्यासारखं. हा फ्लॅशबॅक. कारण बहुतेक वेळा सिलिका असलेली पांढरी एचडी पावडर जास्त झालेली असते, किंवा खाली टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन भरपूर असतं, फ्लॅशचा उजेड त्यावरून सरळ परत फिरतो. उपाय सोपा आहे आणि तरी कोणी करत नाही: ब्रश खाली ठेवण्याआधी खोलीतला दिवा बंद करा आणि फोनच्या फ्लॅशने एक फोटो काढा. पांढरं दिसलं तर स्वच्छ फ्लफी ब्रशने जादा पावडर झटका आणि त्याच जागी तिच्या रंगाची थोडी प्रेस्ड पावडर फिरवा.

बेसचे रोल निघतात

स्पंज फिरवला की फाउंडेशनच्या बारीक वळ्या निघायला लागतात. खूप जणी इथे घाबरून वर अजून प्रॉडक्ट घालतात आणि मग ते आणखीच वाढतं. एकतर मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनला मुरायला वेळ दिला नाही, किंवा प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं, दोघांचं जमत नाही. बाटलीच्या मागे घटकांची यादी असते, तिच्यात डायमेथिकोन किंवा शेवटी सिलोक्सेन असलेलं नाव वरच्या ओळींत असेल तर तो सिलिकॉनवाला. नवीन जोडी वापरायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूला दोन्ही एक एक थेंब घेऊन मिसळा, फाटल्यासारखं झालं तर ती जोडी नको. चेहऱ्यावर आधीच घडलं असेल तर तेवढा पट्टा मायसेलर वॉटरने (मेकअप काढायच्या पाण्याने) पुसून परत लावणं हाच जलद मार्ग आहे.

बेस केकी, म्हणजे जाड थर साचल्यासारखा, दिसत असेल तर त्याच्यावर पावडर हे औषध नाहीच. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज दाबत फिरवा, तो जादा माल उचलतो, मग मिस्ट मारा. वयस्कर त्वचेवर तर सगळं निम्मं घ्या.

स्वच्छता, आणि इथे मी जरा बोलणार आहे

कारण बाकी चुकांनी मेकअप बिघडतो, या चुकीने समोरच्याचा डोळा सुजतो. मस्कराची कांडी एकीच्या डोळ्याला लावून परत ट्यूबमध्ये घातली की ती ट्यूब बाद, मग ती कितीही महाग असो. डिस्पोजेबल स्पूली (एकदा वापरून फेकायची मस्कराची कांडी) घ्यायची, एकदा बुडवली, लावली, परत बुडवायची असेल तर नवीन स्पूली. लिपस्टिक सरळ ओठांवर कधीच नाही, स्पॅच्युलाने (छोट्या चपट्या पट्टीने) थोडी खरवडून स्टीलच्या पॅलेटवर घ्या आणि तिथून ब्रशने लावा. क्रीम, जेल लायनर, डबीतला कन्सीलर, सगळ्याला हाच नियम. स्पॅच्युला चेहऱ्याला लागला की तो परत डबीत जात नाही. पेन्सिलला दर क्लायंटआधी शार्पनरने टोक काढून घ्यायचं आणि शार्पनरचं पातंही पुसायचं. आणि ब्रशवर फुंकर मारून जादा पावडर उडवणं, ही सवय इतकी पक्की बसलेली असते की करणारीला कळतही नाही, पण समोर बसलेल्या क्लायंटला बरोब्बर दिसतं.

अल्कोहोल 70 टक्केवालं आयसोप्रोपिल घ्या. 99 टक्के जास्त चांगलं असं वाटतं पण ते पटकन उडून जातं, जंतू मरायला थोडा वेळ ओलं राहावं लागतं आणि त्यातलं पाणीही कामाला येतं. प्रेस्ड पावडरवर हलका फवारा मारून वाळू द्या, क्रीमवर मात्र फवाऱ्याचा भरवसा धरू नका, तिथे आधीपासूनच स्पॅच्युला हवा. ब्रश दोन क्लायंटच्या मधे क्लीनरने आणि घरी आल्यावर शॅम्पूने, आणि वाळवताना आडवे किंवा केस खाली करून. उभे ठेवले की पाणी धातूच्या पट्टीत उतरतं, गोंद सुटतो आणि महिन्याभरात ब्रश केस टाकायला लागतो.

डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि 6M, 12M असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. उघडल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. मस्करा तीन महिन्यांत बदला.

क्लायंटचे डोळे लाल, चिकट असतील तर त्या दिवशी डोळ्यांना हात लावायचा नाही. ओठावर तापाचे फोड आलेले असतील तर ओठ सोडायचे. हे तिथे उभं राहून सांगणं फार अवघड जातं म्हणून बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहून ठेवा की डोळ्यांना किंवा ओठांना इन्फेक्शन असेल तर त्या भागाचा मेकअप होणार नाही, आधी कळवा.

लॅशचं पण इथेच सांगते. बऱ्याच लॅश ग्लूमध्ये लेटेक्स असतं आणि काहींना त्याची अॅलर्जी असते. ट्रायलच्या दिवशी विचारा, शंका असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला टेस्ट करा आणि 24 ते 48 तास बघा. लॅश आतल्या कोपऱ्यातून सुटते याचं कारण बहुतेक वेळा ग्लू कमी पडला हे नसतं, ओला असताना घाईने लावला हे असतं. अर्धा मिनिट थांबा, तो चिकट होऊ द्या. पट्टी लांब असेल तर बाहेरच्या टोकाकडून कापा, आणि लावायच्या आधी बोटाभोवती वळवून मऊ करा.

वेळेचं गणित

समजा नवरी 10 वाजता तयार हवी आणि सोबत अजून चार जणी आहेत. नवरीला दीड तास, बाकीच्या चौघींना प्रत्येकी 40 मिनिटं, सामान मांडायला 20, मधे मधे ब्रश साफ करायला 20, आणि उशिराने उठणारी, चहा पिणारी, फोनवर बोलणारी यांच्यासाठी अर्धा तास. झाले 5 तास 20 मिनिटं, म्हणजे पहाटे 4:40 ला सामान मांडायला सुरुवात झाली पाहिजे. हे आधी कागदावर मांडलं की तेव्हाच कळतं की असिस्टंट लागणार आहे, आणि तिचे पैसे कोटेशनमध्ये धरायचे आहेत. नवरीला शेवटी ठेवू नका, आधीचा सगळा उशीर तिच्या वाट्याला येतो. तिला शेवटून दुसरी घ्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत टचअप द्या.

खोलीतला उजेड कसा असेल काही सांगता येत नाही, आपला दिवा न्यायचा. 5000 ते 5600 केल्विन (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर. नुसत्या रिंग लाइटवर विसंबू नका, समोरून सपाट उजेड पडतो, त्वचेवरचं टेक्सचर दिसत नाही आणि बाहेर उन्हात गेल्यावर सगळं दिसतं.

पैसे

दुसरी किती घेते ते बघून त्यातून थोडे कमी करून रेट लावणं, ही चूक जवळजवळ सगळे करतात. तिचं सामान, तिचा प्रवास, तिची घरची परिस्थिती तुम्हाला माहीत नाही. आपला हिशोब आपण करायचा: येण्याजाण्याचा वेळ, ब्रश धुण्याचा वेळ, आधी चॅटवर घातलेले तास, डिस्पोजेबल, संपणारं प्रॉडक्ट, टॅक्स, आणि किट दर थोड्या काळाने नवं घ्यावं लागतं तेही. मग जो आकडा येतो तो बघून दचकायला होतं, पण तोच खरा आहे.

अॅडव्हान्स आल्याशिवाय तारीख ब्लॉक करायची नाही, ओळखीतलं असलं तरी, खरं तर ओळखीतलं असलं की जास्तच. ट्रायलचे पैसे वेगळे. कॅन्सल केलं तर काय परत मिळेल, पहाटेचं काम, प्रवास, टचअपसाठी थांबणं, सगळं लिहून पाठवायचं आणि "ओके" उत्तर घ्यायचं. किती जणींचा मेकअप हे आकड्यात लिहा, कारण "जाता जाता माझंही जरा करून दे ना" म्हणणारी एक तरी निघतेच, आणि आकडा लिहिलेला असला की हसत हसत वरचे पैसे सांगता येतात. पैसे नाही देत पण एक्सपोजर मिळेल, असं कोणी म्हटलं तर फोटो नक्की मिळणार का, कधी आणि कुठल्या क्वालिटीचे, एवढंच विचारा, बऱ्याचदा बोलणं तिथेच संपतं.

पोर्टफोलिओ आणि किट

फिल्टर लावलेला फोटो टाकू नका. बघणाऱ्याला त्यात त्वचा दिसत नाही, म्हणजे तुमचं काम पण दिसत नाही. खिडकीच्या उजेडात, जवळून, पोअर्स दिसतील असा एक फोटो दहा एडिट केलेल्या फोटोंपेक्षा जास्त फोन आणतो. वेगवेगळे रंग, वेगवेगळी वयं ठेवा, सगळ्या विशीतल्या मुलीच असतील तर पन्नाशीची बाई तुम्हाला का बोलवेल? फोटो टाकायच्या आधी क्लायंटची परवानगी, आणि फोटोग्राफरचा फोटो असेल तर त्याला विचारून, नाव देऊन.

किटसाठी कर्ज काढू नका. दोन-तीन आयशॅडो पॅलेट, नीट निवडलेले बेस, करेक्टर आणि भरपूर डिस्पोजेबल एवढ्यावर काम निघतं, बाकी मिळालेल्या पैशातून वाढवा. किट उन्हात गाडीत ठेवलं की लिपस्टिक घामेजते आणि क्रीम फाटतात, त्यामुळे ते आपल्यासोबत आत. प्रेस्ड पावडर फुटली तर टाकून देऊ नका, बारीक चुरा करा, 70 टक्केवाल्या अल्कोहोलचे थेंब टाका, टिश्यू ठेवून चमच्याच्या पाठीने दाबून बसवा आणि रात्रभर उघडी वाळू द्या, सकाळी वापरता येते.